शेळीच्या पायाखालचं नाव

शनिवार, ३ मे १९३०

आजचा 'टिचकी'चा अंक दुपारी एकच्या आत संपला. शुक्रवार पेठेतल्या पानवाल्याने आणखी पन्नास मागितले, पण शिल्लक नव्हते. मी अग्रलेख चार-चार वेळा फिरवून लिहितो आणि लोक सरळ शेवटचं पान उलगडून चित्रमालिकेतल्या म्हाळसाबाईची शेळी बघतात. मागच्या आठवड्यात मिलच्या फाटकाशी एक तेलुगू विणकर आपल्या बायकोला चारही चौकटी बोटाने दाखवत होता. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण कुठे हसायचं ते बरोबर कळत होतं.

चित्रं बिरप्पा काढतो. मूळचा वळसंगचा धनगर. दहा वर्षांपूर्वी माझ्या शिळाछापखान्यात दगड घासायला लागला. एकदा छापून झालं की दगड वाळूने घासून कोरा करायचा, एवढंच त्याचं काम. एक दिवस मी विडीच्या लेबलासाठी काढलेला वाघ त्याने न विचारता दुरुस्त केला. मला राग आला, पण वाघ सुधारला होता. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. मला त्यासाठी अजून आरसा लागतो, त्याला कधीच लागला नाही. मी लिहून दिलेली अक्षरंही तो बघून बघून तशीच उलटी काढतो. त्यातलं एकही त्याला वाचता येत नाही.

शेळीच्या पायाखाली बारीक अक्षरांत 'चिंतामणी' असं नाव असतं. साप्ताहिक माझं आहे, तेव्हा त्यात गैर काही नाही. अकरा वर्षं मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, त्यामुळे लोकांना चित्रंही माझीच वाटतात. एकेकाला कुठे सांगत बसू?

मंगळवार, ६ मे

महात्माजींना पकडल्याची बातमी कालच आली. मिल बंद, बाजार बंद. ऐन उन्हात माणसं रस्त्यावर आहेत. भिंतींवर सभाबंदीचे जाहीरनामे लागलेत.

या आठवड्यात म्हाळसाबाई भाजी घेताना भांडते असं काहीतरी साधं काढ, असं मी बिरप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, शेळीला आता भाजी दिसंल का? भितीवर येवडा कागद लावलाय की."

मी हसलो. हसायला नको होतं.

शुक्रवार, ९ मे

काल गोळीबार झाला. माणसं गेली. किती गेली ते जो तो वेगळं सांगतो. चौक्या जळल्या. आज रस्त्यात एकही पोलीस नाही आणि शहर विलक्षण शांत आहे. या शांततेचीच मला भीती वाटते.

बिरप्पा सकाळपासून दगडावर वाकलेला होता. पहिल्या चौकटीत भिंतीवर जाहीरनामा, समोर टोपीवाला साहेब ऐटीत उभा. दुसरीत शेळी जाहीरनामा खाते. तिसरीत साहेब टोपी काढून तिच्यामागे धावतो आणि म्हाळसाबाई मधे काठी आडवी घालते. चौथीत टोपी जमिनीवर पडली आहे, शेळी तिच्याकडे पाठ करून उभी आहे आणि टोपीत लेंड्यांचा ढीग. एकही शब्द नाही. साहेबाचा चेहरा असा की पोट दुखेपर्यंत हसलो.

मग म्हटलं, हे छापू नये. तो म्हणाला, "का? लई चांगलं झालंय." झालं होतं खरं. शिवाय माणसं मेल्यावर आपण भाजीचं भांडण छापलं तर लोक तोंडावर थुंकतील, असंही वाटलं. छापलं. हजार प्रती जास्त काढल्या. खाली नाव होतंच.

मंगळवार, १३ मे

काल रात्रीपासून लष्करी कायदा. चौकाचौकात गोरे शिपाई आहेत. गांधी टोपी घातली म्हणून लोकांना धरताहेत. मी माझी टोपी चुलीत घातली. माझी बायको पद्मजा बघत होती.

नवे जाहीरनामे लागले आहेत. आणि प्रत्येक जाहीरनाम्याशेजारी आमची शेळी. लोकांनी शनिवारच्या अंकातून चित्र कापून खळीने चिकटवलं आहे. बाजारातून घरी येईपर्यंत मी अकरा मोजल्या. एकीपुढे दोन शिपाई उभे होते, त्यातला एक तोंड फिरवून हसत होता. दुसरा हसत नव्हता. तो वाकून शेळीचे पाय बघत होता.

पाय नव्हे. पायाखालचं बघत होता.

बुधवार, १४ मे

रोज लिहायचं आणि नेमकं तेवढं वगळायचं, याला अर्थ नाही. ही वही आता डाळीच्या डब्यात असते. लिहून टाकतो.

चोवीस सालची गोष्ट. पहिली शेळी छापायची होती. काम संपवून बिरप्पा हात धुऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, खाली माजं नाव लिवून द्या की. बगून मी उलटं काडतो." मी कागद ओढला आणि लिहून दिलं. त्याने पाऊण तास खपून ती अक्षरं दगडावर उतरवली. कागदावर उमटल्यावर त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

मी 'चिंतामणी' लिहिलं होतं.

पहिल्या वेळी हात सवयीने गेला असेल. सही म्हटलं की माणूस स्वतःचीच करतो. पण दुसऱ्या आठवड्यात सांगता आलं असतं, तिसऱ्या आठवड्यातही आलं असतं. तोवर लोक रस्त्यात थांबवून "वा मास्तर" म्हणू लागले होते. शाळेत अकरा वर्षं मला कोणी वा म्हटलं नव्हतं. त्याच्या वस्तीत वाचणारं कोणी नाही, आणि ज्यांना वाचता येतं ते दगड घासणाऱ्याशी चित्रांबद्दल बोलत नाहीत. सहा वर्षं झाली. तो दर शुक्रवारी माझं नाव स्वतःचं समजून काढतो, सगळ्यात शेवटी, हात धुऊन.

यात मी त्याचं काही हिरावून घेतलं असं मला वाटत नाही. त्याला त्याचं नाव दिसतं आणि मला माझं.

शुक्रवार, १६ मे

पद्मजाचा भाऊ गंगाधर आला होता. वकिलाकडे कारकून आहे, त्यामुळे बातम्या पक्क्या असतात. चित्र काढणाऱ्याचा शोध चालू आहे म्हणाला. वर्षाची सक्तमजुरी तरी होईलच.

"चिंतामणराव, चित्र तुम्ही काढलेलंच नाही, हे तर खरं आहे ना?" तो म्हणाला. "मग खरं ते सांगा. नावाचं काय, ते संपादक म्हणून घातलंय. तुम्हाला फार तर समज देतील."

मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगणं हा काही गुन्हा नाही. उलट त्याचं श्रेय त्याला मिळावं असं मला केव्हापासून वाटतच होतं.

हे मी पद्मजाला बोलून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सहा वर्षं शेळी तुमची होती. बिरप्पाची कधीपासून झाली, मंगळवारपासून का?"

बायकांना कायद्याचं कळत नाही. मी न जेवता झोपलो.

शनिवार, १७ मे

बिरप्पाला बोलावून सांगितलं, तू काही दिवस वळसंगला जा. चित्रापायी धरपकड होणार आहे.

तो म्हणाला, "मंजी माज्या नावाचा तपास लागलाय व्हय?"

इथे मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, तपास चालू आहे."

तो घाबरला होताच. पण चेहऱ्यावर आणखीही काही होतं. "सायबानं वाचलं आसंल की माजं नाव," तो हळूच म्हणाला. "येवड्या लांबनं आलेला मानूस." मग मला म्हणाला, "तुमी सांबाळा मास्तर. माज्यापायी तुमास्नी तरास नगं." माझ्या पाया पडून गेला. बरोबर त्याची बायको फुलाबाई, डोक्यावर बोचकं.

मी त्याला वाचवलं असं दिवसभर स्वतःला सांगतोय. तो पळाला असं उद्या कोणी म्हणालं तर ते आपल्या सोयीचं होईल, हेही डोक्यात आलं होतं. आधी आलं की नंतर, ते आता आठवत नाही.

गुरुवार, २२ मे

बोलावणं आलं. कचेरीत खुर्चीवर लष्करी साहेब, शेजारी दुभाष्या कारकून. टेबलावर आमची शेळी.

चित्र मी काढलेलं नाही, असं सांगितलं. काढणारा माणूस फरारी आहे. साहेबाने नाव विचारलं. मी म्हणालो, "बिरप्पा." सहा वर्षांत चित्राच्या संदर्भात हे नाव मी पहिल्यांदाच चारचौघांत उच्चारलं. कारकुनाने शेळीच्या पायाखाली बोट ठेवलं. "इथे तर चिंतामणी लिहिलंय." चित्राखाली संपादकाचं नाव घालायची पद्धत आहे, असं मी सांगितलं. साहेब कारकुनाशी इंग्रजीत म्हणाला की हजर नसलेला माणूस फार उपयोगी असतो. ते मला समजलं.

सोमवारी पुन्हा हजर व्हायचं. तोवर पेठ सोडायची नाही. छापखान्याला कुलूप. दारावर बसवलेला शिपाई सारखा पाणी मागतो. पद्मजा त्याला तांब्याने पाणी देते आणि माझ्याशी बोलत नाही.

सोमवार, २६ मे

सगळं नीट क्रमाने लिहितो.

साहेबासमोर मी उभा होतो. तू ड्रॉइंग मास्तर होतास ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. मग शेळी तुझीच, तो म्हणाला. मी नाही म्हणालो. एवढ्यात बाहेर गलका झाला आणि शिपायाने बिरप्पाला आत आणलं. धुळीने गुडघ्यापर्यंत पाय पांढरे. मास्तरांना पकडल्याचं वळसंगला कुणाकडून तरी कळलं, म्हणून सहा-सात कोस चालत आला होता.

"मास्तरांस्नी सोडा," तो म्हणाला. "त्येंचा काय बी संबंद न्हाय. चित्र म्या काडलंय. खाली माजं नाव हाय, वाचून बगा की."

मी जमिनीकडे बघत होतो. मला तिथून पळून जायचं होतं.

कारकून म्हणाला, "तुझं नाव काय?"

"बिरप्पा."

"इथे चिंतामणी आहे."

"न्हाय न्हाय. नीट वाचा. शेळीच्या पायाखाली."

कारकुनाने एकेका अक्षरावर बोट ठेवत पुन्हा वाचलं. बिरप्पा त्या बोटाकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच्या नजरेत राग नव्हता, तो नुसता माझ्याकडून उत्तर येण्याची वाट बघत होता. मी पुन्हा खाली बघितलं.

साहेब हसला. मालकाने गडी पाठवलाय आपल्या जागी आत जायला, असं म्हणाला. ज्याला स्वतःचं नाव कोणतं ते माहीत नाही, तो चित्रं काढणार? त्याने बिरप्पाला बाहेर काढायला सांगितलं. म्हणजे तो सुटला होता. दाराबाहेर गेला असता तर रात्रीच्या आत वळसंगला पोचला असता, आणि मी वर्षभर खडी फोडत बसलो असतो.

तो दारापर्यंत गेला. तिथे थांबला आणि परत फिरला.

"कागद द्या," कारकुनाला म्हणाला.

टेबलावर वाकून त्याने उभ्या उभ्या शेळी काढली. दगडावर काढतो तशी, उलट्या बाजूला तोंड केलेली. पेन्सिल एकदाही उचलली नाही. मग तिच्यासमोर खुर्चीतला साहेब काढला, आणि तो इतका हुबेहूब होता की दारातला शिपाई खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेला. शेळी साहेबाच्या हातातला कागद खात होती.

"नाव कुनाचं बी आसूंदे," बिरप्पा म्हणाला. "शेळी माजी हाय. आमच्या आयेची हुती. तिला कुनी दुसरा माजी म्हनला तर मला चालनार न्हाय."

साहेबाने कागद जवळ ओढून पाहिला. मग त्याने स्वतः पेन उचललं, कारकुनाला बिरप्पाच्या नावाचा उच्चार पुन्हा विचारला आणि लिहून घेतला. एक वर्ष सक्तमजुरी. मला समज देऊन सोडलं.

बिरप्पाने मला वाचवलं. एवढं होऊनही मला वाचवलं. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं पद्मजाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला वाचवायला नाही परतले ते." तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

बुधवार, ४ जून

बिरप्पाला विजापूरच्या तुरुंगात नेलं. मी स्टेशनवर जाणार होतो, पण पाहणाऱ्यांना वेगळं वाटलं असतं. पद्मजा गेली. फुलाबाईला घेऊन घरी आली, आता ती आमच्याकडेच आहे. माझ्यासमोर आली की पदर ओढून घेते. तिला किती माहीत आहे ते विचारायचा धीर होत नाही.

गुरुवार, ३ जुलै

लष्करी कायदा उठला. छापखान्याचं कुलूप निघालं. आणि आज गावातली मंडळी घरी आली. रविवारी पेठेत सभा आहे, तीत माझा सत्कार. कशाबद्दल, तर शेळीबद्दल. सगळ्या शहराला ठाऊक आहे की जाहीरनामा खाणारी शेळी चिंतामणी मास्तरांची. कचेरीत काय झालं ते बंद दाराआड झालं. लोकांना एवढंच माहीत आहे की मास्तरांना दोनदा बोलावलं आणि मास्तर डगमगले नाहीत.

मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, तुम्ही नको म्हणणार हे आम्हाला माहीतच होतं.

ठरवलं आहे. सभेत सगळं सांगायचं. दोन वाक्यं लिहून ठेवली आहेत. पहिलं, चित्र मी काढलेलं नाही, बिरप्पाने काढलं आहे. दुसरं, त्याने आपलं नाव लिहून मागितलं तेव्हा मी त्याला फसवून माझं लिहून दिलं. पद्मजाला वाचून दाखवली. तिने दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "फुलाबाईंना मी घेऊन येते."

रविवार, ६ जुलै

दोनेकशे माणसं होती. गळ्यात हार घातला. डावीकडे बायकांत पद्मजा आणि तिच्या शेजारी फुलाबाई, धुतलेलं लुगडं नेसून. पहिल्यांदाच तिचा पदर तोंडावर नव्हता. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

कागद खिशात होता. उभा राहिलो आणि टाळ्या सुरू झाल्या. शाळा सोडताना मला निरोपाचा समारंभही झाला नव्हता. टाळ्या थांबल्यावर मी म्हणालो, "या चित्राचं खरं श्रेय माझं नाही. ते माझ्या छापखान्यातल्या एका साध्या कामगाराचं आहे."

मग अध्यक्ष डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "पाहा मंडळी, असा मोठेपणा पाहायला मिळत नाही. आपली कीर्ती गड्याच्या ओंजळीत घालणारा माणूस." त्यावर ज्या टाळ्या झाल्या तशा मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. कोणीतरी मला उचललं. दुसरं वाक्य त्या गोंधळात कोणाला ऐकू गेलं असतं? मी प्रयत्न केला असता तरी ऐकू गेलं नसतं. श्रेय नाकारलं, एवढं तरी मी केलं. गंगाधर म्हणाला, छान बोललात, अगदी मोजकं.

घरी परतताना पद्मजा आणि फुलाबाई पुढे चालत होत्या. फुलाबाई हळू आवाजात बोलत होती, पण रस्ता शांत होता.

"बाई, मास्तर कामगार म्हनले नव्हं?"

"हो," पद्मजा म्हणाली.

"नाव न्हाई घेतलं की त्येंनी."

फुलाबाई थोडं चालली आणि म्हणाली, "मला घरधन्याचं नाव तोंडानं घेता येत न्हाई, म्हून आले हुते. येवड्या मानसांत कुनीतरी घेईल आन् मी आयकीन, आसं वाटलं हुतं."